जुनं ठासणीचं पिस्तूल "साफ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध रहा

ठाणे-नवी मुंबईत ज्यांच्या घरी वडिलोपार्जित ठासणीचं (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायचं) पिस्तूल किंवा बंदूक आहे त्यांनी हे वाचाच. नौपाड्याला आमच्या काकांकडे चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारं पिस्तूल आहे, पणजोबांपासूनचं, कागदपत्रं सगळी क्लिअर, लॉकच्या (घोडा-स्प्रिंगचा, ठिणगी पाडणारा भाग) पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा मागच्या पायांवर उभा सिंह. खाडीच्या हवेत पावसाळ्यात लोखंडाचं काय होतं ते ठाणेकरांना माहितीच आहे, नळीवर लाल गंज दिसायला लागला म्हणून ओळखीतून तुर्भ्याच्या एका माणसाला बोलावलं. बोलणं एकदम गोड, "काका, ऑइलिंग-बिइलिंग सगळं करतो, नव्यासारखं होईल, आणि अँटिकला लायसन्स-बियसन्स काही लागत नाही." पैसे पूर्ण ॲडव्हान्स घेतले.

परत आलं ते खरंच चकाचक. बफिंगवर घासून नळीवरचा जुना तपकिरी थर पार गेलेला, वर लॅकर. आधी वाटलं कळत नसेल बिचाऱ्याला. पण टॉर्च मारून बघितलं तर लॉकची पट्टी लाकडाच्या खाचेत नीट बसलेलीच नाही, एका बाजूला फट, त्यात लांबी (पुट्टी) भरून काळं पॉलिश मारलेलं! त्या काळी प्रत्येक लॉक कानशीने घासून त्याच्याच लाकडात बसवायचे, एकाचं दुसऱ्यात तंतोतंत बसत नाही. म्हणजे मूळ लॉक काढून भलतंच टाकलं आणि चमक मुद्दाम आणली, कारण सगळंच नवं दिसलं की बदललेला भाग डोळ्यात येत नाही. फार संताप झाला हो, काका तर दोन घास जेवले नाहीत त्या दिवशी.

खरं तर साफसफाई घरीच होते. आधी नळीत लाकडी काठी घालून खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा, काठी कानाच्या भोकाच्या (जिथून ठिणगी आत जाते) अलीकडेच अडली तर आत बंदुकीची जुनी दारू असू शकते, मग हात लावू नका. लाल भुरभुरीत गंजावर पातळ मशीन ऑइल लावून ठेवा, नंतर चार शून्यवालं स्टील वूल अगदी हलक्या हाताने. तपकिरी थर काढायचा नाही, तोच लोखंडाला सांभाळतो. घोडा आणि स्प्रिंगला तेलाचा थेंबच पुरे, जास्त झालं की लाकडात मुरतं. डब्ल्यूडी-40 वर विसंबू नका, ते टिकत नाही. घामाचा हात लागू देऊ नका आणि चामड्याच्या पाउचमध्ये तर ठेवूच नका, ओल धरतं.

दुरुस्ती लागलीच तर करणाऱ्याचं लायसन्स बघा, शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे रिपेअरला ते लागतंच. बाळगायच्या लायसन्सला सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्यारालाच. देण्याआधी लॉक, स्क्रू, शिक्के सगळ्याचे जवळून फोटो काढा आणि काय दिलं त्याची सही-तारखेसकट पावती घ्या. आमच्याकडे जुने फोटो होते म्हणून पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 (विश्वासघात) आणि 318 (फसवणूक) खाली लेखी तक्रार देता आली.

सिंहवालं सुटं लॉक कुणी विकायला आणलं तर बघा, आमच्या सिंहाच्या शेपटीखाली आडवी चीर आहे आणि मागच्या स्क्रूची खाच एका बाजूने तुटलेली आहे. विकत घेऊ नका, नौपाडा पोलिसांना कळवा.