योप आधी की येट?

भाचीला डच सरावासाठी मुलींची जुनी कादंबरी हवी आहे: टॉप नाएफची ‘स्कूल-इडिलन’ (१९००, नायिका येट) की सिसी फान मार्क्सफेल्टची १९१९ला सुरू झालेली ‘योप तेर हेउल’ मालिका?

वेळ कमी असेल तर नाएफ. एका पुस्तकात आटोपतं. योप शाळेपासून संसारापर्यंत चालते.

भाषा दोन्हीकडे जुनीच. पण योप पत्रांतून बोलते, वडिलांनी पत्रं बंद केली की रोजनिशी धरते. तुकड्यातुकड्यांनी वाचायला सोपं! अ‍ॅन फ्रँकलाही योप आवडायची. अ‍ॅनची डायरी वाचलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी.

नाएफकडे हसू आहे, पण येट शेवटी मरते. रडायची तयारी असेल, त्यांनीच ती घ्यावी. भाचीला मी योप देईन.