‘हो / नाही’ ठेवावं की ‘रीस्टार्ट करा’?

नौपाड्यातल्या आमच्या सीए ऑफिसात तीन कॉम्प्युटरवर पाच जण काम करतात, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. तिथल्या लॉगआउट आणि रीस्टार्टचा डायलॉग (आधी विचारणारी छोटी चौकट) मी दोन्ही तऱ्हांनी बनवून वापरला. कोणाला निवड करायची असेल तर माझा अनुभव सांगतो.

पहिली तऱ्हा ओळखीची: ‘तुम्हाला खात्री आहे का?’ आणि खाली ‘हो’, ‘नाही’. पटकन होतं, आणि एकट्याच्या कॉम्प्युटरवर पुरतंही. दुसरीत कामच बटणावर लिहायचं: ‘रीस्टार्ट करा’, ‘राहू द्या’. ॲपल आणि ग्नोम (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) यांच्या डिझाइन मार्गदर्शिकाही बटणावर क्रियापद लिहा असंच सांगतात. बटणं थोडी लांबतात, एवढाच तोटा.

माझ्यापुरता निकाल संध्याकाळच्या घाईने लावला. आमच्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला कर्जत लोकल गाठायची होती. लॉगआउटऐवजी मेनूत शेजारच्या रीस्टार्टवर क्लिक झालं. दोन्ही वेळचा डायलॉग दिसायला हुबेहूब सारखा, म्हणून प्रश्न न वाचता तिने ‘हो’ दाबलं आणि ती स्टेशनकडे निघाली. त्याच मशीनवर दुसऱ्या लॉगिनमध्ये मॅडमची जीएसटीची शीट उघडी होती, सेव्ह न केलेली. दुपारभराचं काम गेलं. लॉगआउटने फक्त आपलं काम बंद होतं, रीस्टार्टने सगळ्यांचं. हा फरक ‘हो’ या एका अक्षरात कुठून दिसणार? मी त्या मुलीला दोष दिला नाही. चूक डायलॉगची होती.

‘राहू द्या’च्या जागी आधी ‘रद्द करा’ होतं, तेही मी काढलं. काय रद्द होणार, लॉगआउट की चाललेलं काम, असं दोघांनी विचारलं होतं. ‘राहू द्या’ला कोणी अडखळत नाही.

उलट्या मोजणीबद्दल मतं वेगळी असू शकतात. मॅकओएस आणि ग्नोम ६० सेकंद थांबून आपोआप पुढे जातात, केडीई प्लाझ्मा (लिनक्सवरचाच दुसरा डेस्कटॉप) ३०. लॉगआउटला ते बरंच आहे. माणूस उठून गेला तरी त्याचं खातं उघडं राहत नाही. रीस्टार्टला मात्र मी मोजणी ठेवली नाही, आणि नुसतं एंटर दाबलं तर ‘राहू द्या’च निवडलं जातं. वर आणखी कोणाचं लॉगिन चालू आहे तेही नावानिशी दिसतं. आता मॅडमचं नाव दिसलं की मुली आधी त्यांना हाक मारतात.