नकाराधिकाराचे इंग्रजी शिकवणारा ऑनलाइन वर्ग : एक अभिप्राय

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यातील एका संस्थेने चालवलेल्या इंग्रजीच्या ऑनलाइन वर्गात निर्णय फेटाळण्याच्या अधिकारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि संपूर्ण अभ्यासक्रमात मला तेच सर्वांत मोलाचे वाटले. ‘व्हेटो पॉवर’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. परंतु तो अधिकार असणे, तो बजावणे आणि समोरच्याने तो निष्प्रभ करणे यांसाठी ‘होल्ड’, ‘एक्सरसाइज’ आणि ‘ओव्हरराइड’ अशी वेगवेगळी क्रियापदे लागतात, हे येथे सुटी वाक्ये पाठ करून न घेता प्रत्यक्ष कार्यपद्धतीतून शिकवले जाते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नाकारलेले विधेयक काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने पुन्हा संमत करू शकतात, म्हणून तेथे ‘ओव्हरराइड’ शोभते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मात्र 5 स्थायी सदस्यांपैकी एकाच्याही विरोधी मताने महत्त्वाचा ठराव बारगळतो आणि त्यावर तोड नसते. मतदानापासून अलिप्त राहणे, म्हणजे ‘अ‍ॅब्स्टेन’, हा नकाराधिकार नव्हे, हेही उत्तम समजावले आहे.

भारताविषयीचा भाग मात्र घाईने उरकला आहे, आणि परीक्षार्थींच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. ‘पॉकेट व्हेटो’ची, म्हणजे विधेयकाला संमती न देता आणि ते परतही न पाठवता तसेच अडवून ठेवण्याची, एकच व्याख्या दोन्ही देशांना लावली आहे. अमेरिकेत रविवार वगळून 10 दिवसांच्या मुदतीत अध्यक्षांची स्वाक्षरी झाली नाही आणि दरम्यान काँग्रेस तहकूब झाल्याने विधेयक परत पाठवता आले नाही, तर ते रद्द होते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 111 मध्ये अशी कालमर्यादाच नाही. म्हणूनच 1986 मध्ये संसदेने संमत केलेल्या भारतीय टपाल (दुरुस्ती) विधेयकावर राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी संमतीही दिली नाही आणि ते परतही पाठवले नाही. हे उदाहरण या प्रकरणात असायलाच हवे होते. शिवाय राष्ट्रपतींनी परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा संमत केल्यास त्यांना संमती द्यावीच लागते आणि त्यासाठी विशेष बहुमताची अट नाही, याचाही उल्लेख नाही.

कार्यालयीन इंग्रजीच्या सरावात ‘माय बॉस व्हेटोड माय लीव्ह’ असे नमुना वाक्य आहे. रजेच्या अर्जाला हा शब्द फारच जड होतो. तेथे ‘टर्न्ड डाउन’ पुरे, आणि वरिष्ठाने कनिष्ठाचा निर्णय फिरवला तर ‘ओव्हररूल्ड’.

शुल्क वाजवी आहे आणि ध्वनिफितींतील उच्चार स्वच्छ आहेत, त्यामुळे क्रियापदांच्या अचूक वापरासाठी मी हा वर्ग निश्चितच सुचवेन. भारतापुरता भाग मात्र विद्यार्थ्यांनी राज्यघटनेच्या मूळ मजकुरावरूनच वाचावा.