ट्रेलरचे गाईड पोस्ट: यू-बोल्टने घात केला, तरी काढणार नाही

बोट चौदा फुटी, फायबरची, मागे 15 एचपीचं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, बंकवाला; बंक म्हणजे बोट ज्यांवर टेकते त्या डाव्या-उजव्या लांब फळ्या. इंदूरहून हनुवंतियाला, इंदिरासागर धरणाच्या पाण्यावर नेतो. परवानगी-नोंदणीबद्दल इथे लिहीत नाही, नाहीतर मूळ विषय राहूनच जाईल.

दिवाळीच्या आधी ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर गाईड पोस्ट, म्हणजे बोट मधे ठेवणारे उभे खांब, बसवून घेतले. आत जीआय पाईप, वरून 63 मिमीचा पीव्हीसी पाईप सैल चढवलेला. बोट घासली की तो जागच्या जागी फिरतो, फायबरला ओरखडा येत नाही. तयार परदेशी जोड कस्टम ड्युटीसकट केवढ्याला पडतो ते पाहिलं आणि सरळ सांवेर रोडवरच्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याने फारच स्वस्तात करून दिले. स्वस्ताची किंमत पुढे येते.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. माझा रिकामा ट्रेलर रिव्हर्स घेताना आरशात दिसायचाच नाही. तो वाकडा होतोय हे कळेपर्यंत कोपऱ्यात दुमडलेला असायचा. आता दोन पांढरे खांब दोन आरशांत दिसतात. बायको गाडी मागे घेते, मी पाण्यात उभा असतो, आणि आमचं भांडण होत नाही. पैसे इथेच वसूल.

हिवाळाभर बोटही मधोमध बसत होती. हे तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मार्चपासून मत बदललं. धरण पूर्ण भरलं की पातळी 262.13 मीटर; उन्हाळ्याकडे पाणी उतरत जातं आणि ट्रेलर कच्च्या काठावरून न्यावा लागतो. काठ आडवाही उतरता असतो. डावं चाक खाली, उजवं वर, ट्रेलर कललेला; पण पाणी सपाट, त्यामुळे बोट सपाटच तरंगते. वर ओढताना उजवा बंक आधी टेकतो आणि बोटीला डावीकडे ढकलतो. ती सगळी डाव्या खांबावर रेलते. खांबाने ते सोसायला हवं होतं. आमचा खांब हळूच बाहेरच्या बाजूला झुकला. सपाट रस्त्यावर आल्यावर पाहिलं तर बोट डावीकडे सरकून बसलेली, सगळं वजन त्याच चाकावर. तशीच भेरूघाटातून वर आणली. उजवा पट्टा वाटेत सैल पडला, डावं टायर घरी पोचेस्तोवर चांगलंच तापलं होतं.

कारण शोधायला घरी पाच मिनिटं लागली. ट्रेलरचा आडवा पाईप चौकोनी आणि खांब त्याला आवळून धरणारा यू-बोल्ट गोल! गोल बोल्ट चौकोनी पाईपच्या फक्त दोन कडांना धरतो. कितीही आवळा, धक्के बसले की फिरतो. चौकोनी यू-बोल्ट बाजारात मिळतो, फरक थोड्या रुपयांचा. एवढा खांब उभा करायचा आणि पकडीत काटकसर करायची, हे मला अजून पचलेलं नाही. फॅब्रिकेटरला फोटो पाठवले. उत्तर: ‘साब, आपकी नाव ही टेढ़ी है.’ मग बोटीच्या दोन्ही बाजू टेपने मोजून आकडे पाठवले. त्यानंतर त्याने फोन उचलणं सोडलं. बोल्ट मीच सियागंजातून आणले. एका खांबाचं वरचं टोपण पहिल्याच घाटात उडालं होतं, तेही त्याने दिलं नाही. तिथे सध्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण आहे, व्यवस्थित बसतं.

एप्रिलमध्ये काठावरच्या एका मासेमाराने वेगळंच सुचवलं: गाडी थोडी पुढे घ्या, ट्रेलर फार बुडतोय. ट्रेलर खोल असला की बोट बंकला टेकतच नाही, वर तरंगत राहते. पुढचं टोक विंचने (बोट ओढायच्या हाताने फिरवायच्या चरखीने) धरलेलं, पण पिछाडी वाऱ्याबरोबर हलते आणि गाडी निघाल्यावर जिथे असेल तिथे बसते. आता आम्ही ट्रेलर आधी पूर्ण बुडवून बंक ओले करतो आणि मग मडगार्डची वरची कड पाण्याबाहेर जेमतेम दिसेपर्यंत पुढे घेतो. बंकचा पुढचा भाग पाण्याबाहेर राहतो आणि बोटीला तोच मधे आणतो. विंच जास्त फिरवावं लागतं, हात भरून येतात. पण वारा नसेल तर बोट खांबांना शिवतही नाही.

म्हणजे खांबांनी बोट सरळ बसते असं नाही. सरळ बसवतात बंक. खांब फक्त तिला वाऱ्यात इकडेतिकडे जाऊ देत नाहीत. हे विकणाऱ्याने आधी सांगितलं असतं तरी मी ते घेतलेच असते, आरशासाठी.

बसवून घेणार असाल तर बोट आणि खांब यांत प्रत्येक बाजूला इंचभर फट ठेवा. आमच्याकडे तीन इंच ठेवली होती, तेवढ्यात बोट खुशाल तिरकी बसते. पैसे देण्याआधी ट्रेलरखाली वाकून बोल्टचा आकार बघा. पाचपैकी साडेतीन; कापलेला दीड फॅब्रिकेटरचा.