रीमॅप केलेली गाडी स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर) परत आणायचीय: ट्यूनरची फाइल की सर्व्हिस सेंटर?
ट्यूनरने रीमॅपआधी (म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी) ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, मूळ फाइल वाचून ठेवली असेल, तर ओबीडी पोर्टमधून (गाडी तपासायच्या सॉकेटमधून) तीच परत चढवणं सोपं. मी हाच मार्ग निवडेन. मात्र बॅटरीला चार्जर लावूनच. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू ठप्प होऊ शकतो.

सर्व्हिस सेंटर कंपनीचं ताजं सॉफ्टवेअर टाकतं, पण तिथे रीमॅप उघडा पडू शकतो. फोक्सवॅगन-ऑडीत ‘टीडी१’ची (सॉफ्टवेअरमध्ये फेरफार सापडल्याची खूण) नोंद झाली की इंजिनाची वॉरंटी अडकलीच म्हणा.

मूळ फाइल टाकली म्हणजे पुरावा पुसला, असंही नाही. बऱ्याच ईसीयूंत फ्लॅश किती वेळा झालं (सॉफ्टवेअर किती वेळा चढवलं), तो आकडा राहतो. (बॅटरीची वायर काढून रीमॅप जात नाही, बरं का!) कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) नसलेला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) असेल, तर आधी मूळचा बसवा, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागेल.