गुणी, पण मानी गोळी: लेव्होथायरॉक्सिनचे परीक्षण

थायरॉइड ग्रंथी मंदावली की डॉक्टर जी छोटीशी गोळी लिहून देतात, ती बहुतेकांना पुढे आयुष्यभर घ्यावी लागते. तरीही एखाद्या फोनची किंवा मिक्सरची जितकी चिकित्सा होते तितकीही तिची होत नाही. लेव्होथायरॉक्सिन मी बऱ्याच वर्षांपासून घेते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे परीक्षण वापरणाऱ्या रुग्णाच्या बाजूने आहे आणि डोस किती असावा हे ठरवण्यासाठी ते कोणी वापरू नये. निकाल आधीच सांगते: औषध म्हणून पाचपैकी साडेचार गुण, वापरण्याच्या सोयीसाठी तीन, आणि सोबत मिळणाऱ्या माहितीसाठी जेमतेम दीड.

साडेचार गुण देण्याचे कारण या गोळीच्या मूळ कल्पनेत आहे. बहुतेक औषधे शरीराच्या एखाद्या क्रियेत बाहेरून हस्तक्षेप करतात, ही मात्र कमी पडलेला पदार्थच जसाच्या तसा भरून काढते. कारखान्यात तयार झालेले लेव्होथायरॉक्सिन आणि निरोगी ग्रंथीतून पाझरणारे टी४ (म्हणजेच थायरॉक्सिन हे हार्मोन) यांच्या रेणूंत काहीही फरक नाही. १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून पहिल्यांदा या आजारावर उपचार केला, १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि टी४ पासून प्रत्यक्ष काम करणारे टी३ शरीर स्वतःच घडवते हे १९७० मध्ये माणसांमध्ये सिद्ध झाले. या शेवटच्या शोधामुळेच एकाच हार्मोनची गोळी बहुतेकांना पुरते: कच्चा माल आपण पुरवतो आणि कोणत्या अवयवाला किती टी३ हवे याचा हिशेब शरीर ठेवते.

परिणामांबद्दल लिहायचे तर ते एकाच वेळी दिसत नाहीत, आणि नव्या रुग्णाचा धीर सुटतो तो इथेच. सर्वांत आधी चेहऱ्यावरची व पापण्यांवरची सूज ओसरते, बद्धकोष्ठता कमी होते, इतरांना काहीच जाणवत नसताना आपल्याला वाजणारी थंडी सौम्य होते. थकवा त्यानंतर हळूहळू हटतो. कोरडी त्वचा आणि गळणारे केस यांना मात्र कित्येक महिने लागतात, कारण केसांचे वाढीचे चक्रच मुळी लांब असते. पहिल्या दोन महिन्यांत केस गळायचे थांबले नाहीत म्हणून गोळी निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे आहे. वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉलही बहुधा खाली येते, आणि हा फायदा आपल्याला जाणवत नसला तरी रक्ततपासणीत दिसतो. निराशा होते ती वजनाबाबत. या आजारात वाढलेल्या वजनाचा मोठा भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षाराचा असतो, तो उतरतो आणि काटा तिथेच थांबतो. गोळी सुरू झाली की जुने कपडे आपोआप अंगाला बसू लागतील, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने ती आधीच सोडून द्यावी.

आता या औषधाच्या सर्वांत महत्त्वाच्या गुणधर्माकडे येते, जो त्याचे बलस्थानही आहे आणि रुग्णाच्या मनस्तापाचे कारणही. लेव्होथायरॉक्सिनचा अर्धायुकाल साधारण सात दिवसांचा आहे, आणि थायरॉइड मंदावलेला असताना तो आणखी थोडा वाढतो. म्हणजे आज घेतलेल्या गोळीतला निम्मा भाग पुढच्या आठवड्यातही रक्तात असतो. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर आकाश कोसळत नाही. अनेक डॉक्टर राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायला सांगतात, आणि डोस सूक्ष्मपणे जुळवायचा असेल तर एक दिवस ७५ व एक दिवस १०० मायक्रोग्रॅम अशी आलटून-पालटून योजना करून साडेसत्त्याऐंशीची सरासरीही साधता येते. पण याच गुणधर्माची दुसरी बाजू अशी की डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएचला (थायरॉइडला कामाला लावणारे पिट्यूटरी ग्रंथीचे हार्मोन, जे थायरॉइड कमी पडले की वाढते) त्यामागून यायला आणखी वेळ लागतो. म्हणूनच डोस बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी सांगितली जाते. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटत नाही म्हणून डोस वाढवून घेणारे आणि पाचव्या आठवड्यात छाती धडधडते म्हणून तो उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे टीएसएच झोके घेत राहते आणि खापर गोळीवर फुटते.

डोसच्या आकड्यांचेही थोडे सांगायला हवे. ग्रंथीचे काम जवळपास पूर्ण थांबलेल्या प्रौढ व्यक्तीला दररोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ज्यांची ग्रंथी अजून थोडेफार काम करते त्यांना याहून कमी पुरतात. वृद्धांना आणि हृदयविकार असणाऱ्यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वर नेतात, कारण मंदावलेल्या हृदयावर एकाएकी भार टाकणे धोक्याचे असते. पुढचे बदलही १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमच्या पायऱ्यांनी होतात. एवढ्या बारीक फरकाची गरज का, असा प्रश्न मलाही पडत असे. त्याचे उत्तर असे की टी४ आणि टीएसएच यांचे नाते सरळ प्रमाणाचे नसून टी४ मधल्या लहानशा बदलाला टीएसएच फार मोठ्या बदलाने उत्तर देते. टीएसएच ८ वरून २ वर आले म्हणजे औषध चौपट लागू पडले असा अर्थ कोणी काढू नये.

सोयीच्या बाबतीत गुण कापले ते या गोळीच्या मानीपणामुळे. ती पोटात एकटी असेल तरच नीट शोषली जाते, आणि तेव्हाही घेतलेल्या मात्रेपैकी साधारण ६० ते ८० टक्केच रक्तात पोहोचते. उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे नाही, हा नियम सर्वांना माहीत असतो, पण या अर्ध्या तासात कॉफीही चालत नाही हे पुष्कळांना ठाऊक नसते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲल्युमिनियम असलेली अँटासिडे तर तिला आतड्यात अक्षरशः बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. थायरॉइड मंदावलेल्या कितीतरी स्त्रियांना रक्तक्षयासाठी लोह आणि हाडांसाठी कॅल्शियमही सुरू असते, आणि साऱ्या गोळ्या एकदाच गिळून मोकळे होण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण त्या मोहाची किंमत वाढलेल्या टीएसएचमध्ये मोजावी लागते आणि मग गरज नसताना डोस वाढतो. ज्यांची सकाळ घाईची असते त्यांच्यासाठी रात्रीचा पर्याय मला अधिक व्यवहार्य वाटतो: शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी, झोपण्यापूर्वी. सकाळ की रात्र यावर वाद घालण्यापेक्षा जी वेळ निवडली ती कायम ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण डोस हा तुमच्या सवयींसकट जुळवलेला असतो आणि सवय बदलली की तो जुळेनासा होतो.

तपासणीच्या दिवसाचे नियमही कोणी स्वतःहून सांगत नाही. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ (रक्तातले मोकळे टी४) तात्पुरते वाढलेले दिसते, म्हणून रक्त आधी द्यावे आणि गोळी नंतर घ्यावी. टीएसएच पहाटे जास्त व दुपारी कमी असते, तेव्हा दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त दिले तर दोन अहवालांची तुलना अर्थपूर्ण होते. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. या जीवनसत्त्वाचा मोठा डोस प्रयोगशाळेच्या अनेक चाचणीपद्धतींना फसवतो, टीएसएच खोटे कमी आणि टी४ खोटे जास्त दाखवतो, आणि औषध जास्त होत असल्याचा भास निर्माण करतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचे आणि त्यामुळे चुकलेल्या अहवालावरून थायरॉइडचा डोस उतरवायचा, म्हणजे केस पुन्हा गळायला मोकळे!

ब्रँडबाबत माझे मत ठाम आहे: एक निवडावा आणि शक्यतो त्यावरच राहावे. परिणामकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत थोडेच अंतर असलेल्या औषधांमध्ये लेव्होथायरॉक्सिन मोडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये, गोळीतले औषध तिच्या पूर्ण मुदतीपर्यंत लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे, असा कडक नियम केला तो याच कारणाने. फ्रान्समध्ये २०१७ साली लेव्होथायरॉक्स या गोळीतले लॅक्टोज काढून त्याजागी मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातले गेले तेव्हा हजारो रुग्णांनी त्रासाच्या तक्रारी केल्या आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. औषधविक्रेत्याने दुसरी कंपनी पुढे केली तर घेऊच नये असे नाही, पण मग सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी. उष्णता, ओलावा आणि प्रकाश यांनी ही गोळी कमजोर होते, त्यामुळे न्हाणीघरातले कपाट किंवा स्वयंपाकघरातली खिडकी या दोन्ही जागा तिच्यासाठी वाईट.

पाकिटावर येते, कारण दीड गुणाचे स्पष्टीकरण द्यायलाच हवे. माझ्या हाती आजवर आलेल्या माहितीपत्रकांतली अक्षरे भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत इतकी बारीक होती. लोह-कॅल्शियमचे चार तास त्यात कुठेतरी मध्यभागी दडलेले, आणि बायोटिनचा तर पत्ताच नव्हता. त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या मात्रांची पाकिटे दुरून सारखीच दिसत. घरात दोघे जण वेगवेगळ्या डोसवर असतील तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. मात्रेचा आकडा औषधाच्या नावाहून मोठा छापणे कोणत्याही कंपनीला अवघड जाऊ नये.

अहवाल उत्तम आणि अंगात त्राण नाही, अशी अवस्था लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या वाट्याला येते. त्यांना ‘आता सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून वाटेला लावणे मला पटत नाही, आणि केवळ त्यांच्या तक्रारीवरून डोस वाढवणे तर त्याहून पटत नाही. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, हिमोग्लोबिन, झोपेतला श्वासरोध, नैराश्य या गोष्टी तपासाव्यात. थकव्याची मालकी एकट्या थायरॉइडकडे नसते. टी३ ची जोडगोळी काहींना मानवते, पण आजवरच्या बहुतेक तुलनात्मक चाचण्यांत ती एकट्या टी४ पेक्षा सरस ठरलेली नाही. प्राण्यांच्या, बहुधा डुकराच्या, ग्रंथीपासून बनवलेल्या गोळ्यांना ‘नैसर्गिक’ म्हणून मागणी असते, पण त्यांत टी४ व टी३ यांचे प्रमाण साधारण चारास एक असते, तर माणसाची ग्रंथी टी३ याच्या कितीतरी कमी प्रमाणात सोडते. नैसर्गिक आहे ते डुकरासाठी.

डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर सुरुवातीला उलट छान वाटते. उत्साह वाढतो, वजन थोडे उतरते, आणि म्हणूनच तो उतरवायला रुग्ण राजी नसतो. पण टीएसएच दीर्घकाळ दबलेले राहिले तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची हाडे झिजतात. धडधड, हातांची थरथर, झोप उडणे, विनाकारण चिडचिड ही लक्षणे दिसली तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. केवळ वजन कमी करण्यासाठी, ग्रंथी धडधाकट असताना ही गोळी घेणारे तर सरळ जिवाशी खेळतात.

ही गोळी सर्वांनाच लागत नाही, हेही नोंदवायला हवे. टीएसएच किंचित वाढलेले पण टी४ व्यवस्थित असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट या चाचणीत थकवा व इतर लक्षणांबाबत खरी गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. याउलट गर्भारपणात तिला पर्याय नाही: गरज २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, तीही अगदी पहिल्या आठवड्यांपासून, म्हणून आधीपासून उपचार घेणाऱ्या स्त्रीने चाचणी सकारात्मक येताच डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी बहुधा आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू करून गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहिले जाते.

नव्याने आलेल्या मऊ कॅप्सूल आणि द्रवरूप लेव्होथायरॉक्सिनबद्दल विचारणा होते. पोटातले आम्ल कमी करणारी औषधे ज्यांना कायम घ्यावी लागतात, ज्यांच्या जठराचा दाह जुना आहे किंवा सर्व नियम पाळूनही ज्यांचे टीएसएच वर-खाली होत राहते, त्यांच्यासाठी ही रूपे खरोखर उपयोगाची आहेत, कारण विरघळण्यासाठी त्यांना आम्लाची तितकी गरज पडत नाही. ज्यांचे टीएसएच साध्या गोळीवर स्थिर आहे, त्यांना या रूपांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.