विंचूदंश: प्राझोसिन की प्रोप्रॅनोलॉल?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा शिरपूरच्या कपाशीत, लाल विंचू चावलेला रुग्ण साधारण असा येतो: घामाने चिंब, उलट्या, हातपाय गार, नाडी धावती. विष मज्जातंतूंमधल्या सोडियम मार्गिका (संदेश वाहताना उघडणारी सूक्ष्म दारं) नीट मिटू देत नाही, मज्जातंतू संदेश सोडतच राहतात, म्हणून नाडी आणि रक्तदाब चढवणाऱ्या ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचा पूर येतो.

धावती नाडी पाहून हात प्रोप्रॅनोलॉलकडे, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवून नाडी उतरवणाऱ्या औषधाकडे, जातो आणि तिथेच घात होतो. रिसेप्टर म्हणजे ॲड्रेनालिनचा हुकूम घेणारे पेशींवरचे ग्राहक. हृदयावरचे बीटा अडले की नाडी उतरते, मॉनिटर बरा दिसतो. पण रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा-१ रिसेप्टर मोकळेच राहतात. रक्तदाब आणखी चढू शकतो, थकलेल्या हृदयाचा जोर घटतो, फुप्फुसात पाणी भरतं. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात ते वेगळंच.

प्राझोसिन नेमकं अल्फा-१ अडवतं: वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. प्रौढाला ५०० मायक्रोग्रॅम, मुलाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. हातपाय ऊबदार होईपर्यंत दर ३ तासांनी. गोळी साधीच हवी. मेडिकलवर बहुधा सावकाश सुटणारी ‘एक्सएल’ मिळते. ती इथे निरुपयोगी, आणि चुरली तर डोसचा भरवसा नाही. पहिल्या डोसनंतर दाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्ण आडवाच राहू द्या. मुलाला उभं धरून नेऊ नका. घाम-उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढा.

नुसती वेदना असेल तर प्राझोसिनही नको. दंशाच्या जागी लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) पुरतं. प्रतिविष हाताशी असेल तर ते प्राझोसिनच्या जोडीने द्यावं, कारण प्राझोसिन रक्तातलं विष मारत नाही.